सायलेन्सर बदलला आणि इंजिन तापले

असे समजा, की मंद्रूपहून विजापूर रस्त्याने जुळे सोलापुरात भाजी आणणारी एक जुनी गाडी आहे. तिचा सायलेन्सर गंजून फुटला. मालकाने बाजारातून दुसऱ्याच बनावटीचा, स्वस्तातला सायलेन्सर आणून बसवला. चार दिवस गाडी बरी चालली. पाचव्या दिवशी उष्णतेचा काटा वर चढला. बॉनेटखालून वाफ निघू लागली.

मालक म्हणाला, "या नव्या सायलेन्सरनेच घात केला!"

मिस्त्री म्हणाला, "छे! सायलेन्सर मागे, इंजिन पुढे. त्याचा याच्याशी काय संबंध?"

दोघांपैकी खरे कोणाचे? ते ठरवण्याआधी इंजिनातली उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, ते पाहू.

इंजिन म्हणजे बंद चूल

आपल्या घरच्या चुलीत लाकूड जळते. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते. आत जाळ होतो तेव्हा त्याची उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते. पाणी शंभर अंशांना उकळते. यावरून तो जाळ केवढा असेल, याचा अंदाज करा.

या उष्णतेच्या साधारण तीन वाटण्या होतात. एक वाटणी गाडी ओढते. दुसरी वाटणी इंजिनाभोवती फिरणारे पाणी घेऊन जाते. ते पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, येऊन गार होते. तिसरी वाटणी धुराबरोबर सायलेन्सरच्या नळीतून बाहेर पडते.

म्हणजे बघा, सायलेन्सर नुसता आवाज कमी करण्यासाठी नाही. तो इंजिनाचे धुराडे आहे. घराचे धुराडे कोंडले, तर धूर घरात भरतो. गाडीचे धुराडे कोंडले, तर गरम वायू इंजिनात अडून राहतो. म्हणून मिस्त्रीचे म्हणणे पुरते खरे नाही.

नव्या सायलेन्सरने इंजिन कसे तापते?

पहिले कारण : नळी अरुंद असते, किंवा आतून चेपलेली असते. मग धूर मोकळा निघत नाही. गाडीचा जोर कमी होतो. चढावर ती रडते. मालक जास्त पाय दाबतो, इंधन जास्त जळते, आणि उष्णता आणखी वाढते.

दुसरे कारण : नळी जागेवर नीट बसत नाही. ती पाण्याच्या रबरी नळीला किंवा पंख्याच्या वायरीला चिकटते. धुराची नळी इंजिनाजवळ शेकडो अंश तापते. रबर वितळते, वायर जळते, पंखा बंद पडतो. मूळ नळीवर उष्णता अडवणारा पत्रा असतो. "हा कशाला हवा?" म्हणून तो काढून टाकतात. तसे करू नये.

तिसरे कारण : सांधा सुटा राहतो. आजच्या पेट्रोल गाडीत धुराच्या नळीवर एक सेन्सर असतो. धुरात हवा किती उरली, हे तो इंजिनाला कळवतो. सेन्सरच्या अलीकडे सांधा गळत असेल, तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटते, पेट्रोल कमी पडले. मग इंजिनात जास्त पेट्रोल सोडले जाते. ते अर्धवट जळते आणि धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाऊन पेटते. तो डबा आतून वितळतो, बुजतो, आणि धुराडे कोंडते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला फार मोकळी नळी लावली आणि कार्बोरेटर जुळवून घेतला नाही, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असे होऊ शकते. तसे इंजिनही जादा तापते.

पण मालकाचेही पुरते खरे नाही

एक गोष्ट झाली आणि तिच्यामागून दुसरी झाली, एवढ्यावरून पहिलीमुळेच दुसरी झाली असे म्हणता येत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो. पण कोंबड्यामुळे उगवतो का?

सोलापूरचा उन्हाळा आठवा. थंडीत सकाळची हवा पंधरा अंश असते. रेडिएटरमधले पाणी नव्वद अंश असते. फरक पंचाहत्तर अंशांचा. मे महिन्यात हवाच चाळीस अंशांवर जाते. मग फरक उरतो पन्नास अंशांचा. फरक जितका कमी, तितकी उष्णता हळू बाहेर पडते. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात एक तृतीयांश काम कमी करतो.

त्यातच जाळीत धूळ आणि किडे अडकलेले असतात. वर्षानुवर्षे बोअरचे क्षाराचे पाणी ओतून आतही खर धरलेली असते, जशी पाणी तापवायच्या भांड्याला धरते. असे इंजिन थंडीत निभावून नेते आणि उन्हाळ्यात उघडे पडते. सायलेन्सर त्याच आठवड्यात बदलला, एवढेच.

म्हणून भांडण नको. तपासणी हवी.

कसे ओळखावे?

गाडी उभी असताना तापते आणि पळताना गार होते : पंखा पाहा. पट्टा ढिला आहे का? वायर जळली आहे का?

तुळजापूरच्या घाटासारख्या चढावर तापते, पण जोर कायम आहे : रेडिएटर बुजला असावा.

तापते आणि जोरही गेला आहे : धुराडे कोंडले असावे. मागच्या नळीतून धूर जोराने येतो का, ते हातभर लांबून पाहा.

रोज पाणी कमी होते : कुठेतरी गळती आहे. नळ्या आणि पंप तपासा.

सांध्याजवळ काळी काजळी दिसते आणि फुस्‌फुस् आवाज येतो : धूर गळतो आहे.

ही खूण सांगितली की मिस्त्रीचे अर्धे काम होते. तुमचे पैसेही वाचतात. सरसकट "इंजिन खोला" म्हणायची पाळी येत नाही.

जिवाला जपा

वाफ दिसली की गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आतले पाणी प्रेशर कुकरसारखे कोंडलेले असते. झाकण काढताच उकळते पाणी तोंडावर उडते. निदान अर्धा तास थांबा. गार झाल्यावर, जाड फडके धरून, झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका. हेडला तडा जातो, आणि मग खर्च हजारांत जातो.

कोणी भाजलेच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे, वाहते पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. दवाखान्यात न्या.

धुराची गळती तर त्याहून वाईट. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. गाडीत बसलेल्यांना असे वाटू लागले, तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. दार लावलेल्या खोलीत किंवा शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका.

खरेदी करताना

आपल्याच गाडीच्या मापाचा सायलेन्सर घ्या. फटफट आवाजासाठी आतले भाग काढलेला घेऊ नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक मोटारीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. बसवून झाल्यावर मिस्त्रीसमोर वीस मिनिटे इंजिन चालू ठेवा. काटा पाहा, सांधे पाहा, मगच पैसे द्या.

आता मालकाला आणि मिस्त्रीला काय सांगाल? दोघांचेही थोडे खरे, थोडे खोटे. बोट दाखवण्याआधी बोनेट उघडून पाहावे, हे बरे.

प्रश्न

१. इंजिनातल्या उष्णतेच्या तीन वाटण्या कोणत्या?

२. उन्हाळ्यात रेडिएटर कमी काम का करतो?

३. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच का उघडू नये?

४. तुमच्या गावात कोणाची गाडी तापते का? वरच्या खुणांवरून कारण शोधून पाहा.