ओक्कियम मडुवूचे मासे

चेन्नईच्या पेरुंगुडीला पूर्वेकडे जुना महाबलिपुरम रस्ता आणि आयटी कंपन्यांच्या इमारती, तर पश्चिमेकडे पळ्ळिकरणैची पाणथळ. इथं सकाळी मासेमारीला उतरतात ते पेलिकन. उथळ पाण्यात चोच खुपसायची, खालची पिशवी फुगली की ती छातीशी दाबून पाणी गाळायचं आणि मान वर करून मासा गिळायचा, असा त्यांचा खाक्या.

या पाण्यात 46 जातींचे मासे नोंदले गेले आहेत. कोकणातल्या माणसाला त्यातले काही लगेच ओळखू येतील. खाडीतली बोय आहे, काळुंदर आहे, माशांच्या जोडीला चिखलात बिळं करणारी चिंबोरीही आहे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवत, तेही इथं सापडले आहेत. तलावांच्या गोड्या पाण्यात गोड्या पाण्याचेच मासे असायला हवेत. मग ही खाडीची मंडळी इथं आली कुठून?

उत्तर ओक्कियम मडुवू या ओढ्यात आहे. सुमारे 250 चौरस किलोमीटर परिसरातलं, लहानमोठ्या तीसेक तलावांचं पाणी पळ्ळिकरणैत उतरतं. तिथून ते या ओढ्यानं बकिंगहॅम कालव्यात आणि कोवळमच्या खाडीतून समुद्रात जातं. पावसाळ्यात गोडं पाणी बाहेर पडतं, एरवी खारं पाणी उलट आत शिरू शकतं. बोय आणि चिंबोरी आली ती याच वाटेनं.

वाट बदलली की मासे कसे बदलतात, याचा जगातला मोठा धडा अमेरिकेच्या मिशिगन सरोवरात मिळतो. आज तिथं पहाटे बोटी सॅमनच्या मागावर निघतात. बोट माणसाच्या चालीनं सरकत राहते आणि मागे चकाकते धातूचे गळ ओढले जातात. सॅमनला थंड पाणी लागतं, म्हणून जड वजनाला चिमट्यानं दोरी अडकवून गळ हव्या त्या खोलीला सोडतात. मासा लागला की चिमट्यातून दोरी सुटते, ताणानं वाकलेली काठी क्षणभर सरळ होते आणि पुन्हा जोरात झुकते.

पण हा सॅमन तिथला नव्हे; एक वाट उघडली म्हणून तो आणावा लागला. नायगरा धबधबा टाळून जहाजं नेण्यासाठी वेलँड कालवा खोदला गेला. वरच्या सरोवरांकडे, म्हणजे मिशिगनकडेही, जाण्याची वाट मोकळी झाल्यावर रक्त शोषणारी समुद्री लँप्री आणि एलवाइफ नावाचा मासा पुढे सरकले. लँप्री आणि बेसुमार मासेमारी यांनी स्थानिक ट्राउट संपवला. खाणारं कुणी न उरल्यानं एलवाइफ माजला. 1967 मध्ये मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यांवर साचले. त्याला आवर घालायला मिशिगन राज्याचे मत्स्याधिकारी हॉवर्ड टॅनर यांनी 1966 मध्येच पॅसिफिक महासागराकडचा कोहो सॅमन आणून सोडला होता.

मिशिगनमध्ये नको ती वाट उघडली, पेरुंगुडीत हवी ती आवळली गेली. 1960 च्या दशकात पाच-सहा हजार हेक्टर पसरलेल्या पाणथळीचा पुढे जेमतेम दहावा हिस्सा उरला. मधून रस्ते गेले, इमारती उठल्या, महापालिकेनं दोनशेहून अधिक एकरांवर कचरा टाकला. एप्रिल 2022 मध्ये पळ्ळिकरणै जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस पेरुंगुडीचा कचरा डेपो पेटला आणि काही दिवस धुमसत राहिला.

अशा गढूळ, घाण पाण्यात तगून राहतो तो चिवट मासा. उजनीच्या काठावरच्यांना तो चांगला माहीत आहे: 1952 मध्ये भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापी. काळुंदर तिच्याच कुळातली, पण दक्षिण भारत आणि श्रीलंकेची मूळ रहिवासी.  पाणी बिघडलं की पाहुणी टिकते आणि घरची हटते.

ओढ्याची मोकळी वाट माणसांनाही हवी असते. 2015 च्या डिसेंबरात दक्षिण चेन्नई बुडाली, तेव्हा पाण्याला बाहेर पडायला पुरेशी जागा नव्हती. 26 जुलै 2005 ला मिठीकाठच्या मुंबईकरांनी तेच भोगलं होतं. रामसरचा दर्जा पाणथळीच्या हद्दीपुरता असतो. समुद्रापर्यंतचा ओढा रुंद आणि साफ ठेवणं हे रोजचं सरकारी काम.

मिशिगनला आजही दरवर्षी सॅमनची पिलं सोडावी लागतात आणि लँप्री मारायला ओढ्यांत औषध घालावं लागतं. पेरुंगुडीला बोय विकत आणून सोडायची गरज नाही. ओक्कियम मडुवूतला गाळ उपसला, सांडपाणी थांबवलं, तर ती आपली आपण येईल.