योहान हॉइझिंगा : संस्कृतीचा इतिहासकार

१८७९ सालीं हॉलंडच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन या विद्यापीठाच्या गांवीं विद्यार्थ्यांनीं एक ऐतिहासिक मिरवणूक काढली. पूर्व फ्रीजियाचा सरदार एडझार्ड यानें १५०६ सालीं त्या नगरांत प्रवेश केला होता. त्या प्रसंगाचें तें सोंग होतें. मिरवणूक पाहणाऱ्यांत तेथील शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांचा सहा-सात वर्षांचा मुलगा होता. तें दृश्य त्याच्या मनांतून जन्मभर गेलें नाहीं. हा मुलगा म्हणजेच पुढें जगप्रसिद्ध झालेले इतिहासकार योहान हॉइझिंगा. भूतकाळाशीं आपला पहिला परिचय त्या मिरवणुकीनें करून दिला, असें त्यांनीं उतारवयांत लिहून ठेविलें आहे.

इतिहास म्हटला कीं सामान्यतः राजांच्या वंशावळी, लढाया व तह डोळ्यांपुढें येतात. त्यांचें महत्त्व आहेच. परंतु त्या काळचा मनुष्य कशास भीत होता, कशानें हर्षून जात होता, मरणाकडे व प्रेमाकडे कोणत्या दृष्टीनें पाहत होता, आणि सण, शपथा, पोशाख व गाणीं यांतून त्याचें मन कसें प्रकट होत होतें, हें सांगणें हा संस्कृतीच्या इतिहासाचा विषय होय. स्वित्झर्लंडांतील याकोब बुर्कहार्ट यांनीं १८६० सालीं इटलींतील पुनरुज्जीवनावर ग्रंथ लिहून या अभ्यासास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्यामागून या क्षेत्रांत जीं थोर नांवें घेतलीं जातात, त्यांत हॉइझिंगा यांचें नांव अग्रभागीं आहे.

त्यांचा जन्म ७ डिसेंबर १८७२ रोजीं झाला. आश्चर्य असें कीं, इतिहास हा त्यांच्या शिक्षणाचा मुख्य विषय नव्हता. ते भाषाशास्त्राचे व संस्कृतचे विद्यार्थी होते, आणि १८९७ सालीं त्यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता संस्कृत नाटकांतील विदूषक! मराठी रसिकांस हा गृहस्थ परका नाहीं. शाकुंतलांतील माढव्य आणि मृच्छकटिकांतील मैत्रेय यांस अण्णासाहेब किर्लोस्कर व गोविंद बल्लाळ देवल यांनीं मराठी रंगभूमीवर आणिलें. जातीनें ब्राह्मण, पण बोलणें प्राकृत. भोजनाचा लोभी, पण मित्राच्या सुखदुःखाचा वांटेकरी. ज्याच्या थट्टेंत जिव्हाळा आहे आणि जिव्हाळ्यांत थट्टा आहे, अशा या पात्राच्या अभ्यासानें त्या तरुणाच्या विद्याव्यासंगास आरंभ झाला. खेळ आणि गांभीर्य यांचें नातें काय, हा प्रश्न पुढें त्यांच्या चिंतनाचा मध्यबिंदु ठरला.

पदवीनंतर आठ वर्षें त्यांनीं हार्लेम येथील शाळेंत इतिहासशिक्षकाचें काम केलें. १९०३ पासून ते आम्स्टरडॅम विद्यापीठांत प्राचीन भारतीय वाङ्मय व संस्कृति यांवर व्याख्यानेंही देत असत. पुढें त्यांचे जुने गुरु, इतिहासकार ब्लोक, यांच्या पाठिंब्यामुळें १९०५ सालीं या शाळामास्तरांस ग्रोनिंगेन येथें इतिहासाचें अध्यापकपद मिळालें. पदग्रहणाच्या व्याख्यानांत त्यांनीं प्रतिपादिलें कीं, इतिहासाच्या आकलनांत कलादृष्टीचा वांटा मोठा आहे. गतकाल केवळ तर्कानें कळत नाहीं, तो मनश्चक्षूंपुढें उभा राहावा लागतो.

या मताचें प्रत्यंतर त्यांच्या प्रमुख ग्रंथांत आलें. बेल्जममधील ब्रूज येथें १९०२ सालीं जुन्या फ्लेमिश चित्रकारांच्या कृतींचें प्रदर्शन भरलें होतें; त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. पंधराव्या शतकांतील यान व्हान आइक व त्याचे सांगाती यांस नवयुगाचे अग्रदूत मानण्याची त्या काळीं वहिवाट होती. सुमारें १९०७ सालीं ग्रोनिंगेनबाहेर कालव्याकांठीं फिरत असतां हॉइझिंगा यांच्या मनांत विचार चमकून गेला कीं, ही पहांट नसून मावळती आहे. हीं चित्रें म्हणजे पिकून गळावयास आलेल्या मध्ययुगाचें अखेरचें फळ होय.

हा विचार ग्रंथरूप होण्यास बारा वर्षें लागलीं. मध्यंतरीं १९१४ सालीं पांच मुलांस मागें ठेवून त्यांची पत्नी वारली, आणि १९१५ सालीं ते लायडेन विद्यापीठांत गेले. युरोप महायुद्धांत होरपळत असतां हें लेखन चाललें होतें. १९१९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवाचा आशय 'मध्ययुगाची पानगळ' असा सांगतां येईल. फ्रान्स व बर्गंडीच्या दरबारांतील द्वंद्वयुद्धें, सरदारांच्या अचाट प्रतिज्ञा, भिंतींवर रंगविलेलें मृत्यूचें नृत्य, घंटांचे नाद, मिरवणुका आणि भर चौकांत दिले जाणारे देहदंड, अशा सामग्रींतून त्यांनीं एका युगाचें अंतःकरण उलगडलें. दुःख व आनंद यांमधील अंतर त्या काळीं किती तीव्र होतें, हें वाचकाच्या प्रत्ययास येतें. १९२४ सालीं ग्रंथाचें संक्षिप्त इंग्रजी रूप निघालें. संपूर्ण भाषांतरें १९९६ व २०२० सालीं झालीं. या ग्रंथावर आक्षेपही आले. दरबारावर दृष्टि खिळल्यामुळें व्यापारानें गजबजलेल्या शहरांचें चैतन्य आणि अर्थकारण यांकडे लेखकाचें दुर्लक्ष झालें, हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणतां येत नाहीं. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास आजही हा ग्रंथ टाळून पुढें जातां येत नाहीं.

१९३८ सालीं त्यांचा दुसरा विख्यात ग्रंथ 'होमो लुडेन्स', म्हणजे 'खेळणारा मानव', प्रसिद्ध झाला. संस्कृति खेळांतून व खेळाच्या रूपानें उदय पावते, असा त्याचा सिद्धान्त आहे. खेळ स्वेच्छेचा असतो, त्यास स्थळकाळाची मर्यादा असते आणि नियम सर्वांवर सारखे बंधनकारक असतात. न्यायालय, काव्य, युद्ध व तत्त्वचर्चा यांच्या मुळाशीं त्यांना हेंच तत्त्व दिसलें. येथें त्यांचें संस्कृत ज्ञान उपयोगीं पडलें. क्रीडा, लीला, दिव् इत्यादि शब्दांची छाननी, महाभारतांतील द्यूत, आणि जनकाच्या सभेंत सोन्यानें शिंगें मढविलेल्या सहस्र गाईंच्या पणानें झालेला याज्ञवल्क्याचा वाद, यांचा त्यांनीं आधार घेतला. खेळांत लबाडी करणारा आणि खेळच मोडणारा यांत त्यांनीं केलेला भेद मार्मिक आहे. लबाड गडी निदान वरकरणी तरी नियम मानतो. आट्यापाट्यांत पाटीच न मानणारा गडी मात्र सगळा डाव उधळून लावतो.

हा भेद त्यांना पुस्तकांतच सोडतां आला नाहीं. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजीं जर्मनीचा सत्ताधीश झाला. त्यानंतर नवव्या दिवशीं हॉइझिंगा यांनीं लायडेनचे कुलगुरु या नात्यानें 'संस्कृतींतील खेळ व गांभीर्य यांच्या सीमा' या विषयावर भाषण केलें. एप्रिलांत तेथें विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जर्मन पथकाचा प्रमुख योहान फॉन लेअर्स यानें ज्यूंवर बालहत्येचा जुना खोटा आरोप करणारें पत्रक लिहिलें असल्याचें उघडकीस आलें. हॉइझिंगा यांनीं त्यास बोलावून पत्रक त्याचेंच आहे ना, हें विचारलें, आणि विद्यापीठाच्या वास्तूंतून निघून जाण्यास सांगितलें. १९३५ सालच्या पुस्तकांत त्यांनीं गणवेश, घोषणा व संचलनें यांच्या वेडास पोरकटपणा म्हटलें, आणि शत्रु व मित्र यांपलीकडे राजकारण नाहीं, हें कार्ल श्मिट यांचें मत धिक्कारलें. दिलेलें वचन पाळणें हा राष्ट्रांमधील व्यवहाराचा पहिला नियम. तो मोडला कीं संस्कृति रानटीपणांत बुडते, असें त्यांचें म्हणणें होतें.

१९४० सालीं जर्मन सैन्यानें हॉलंड व्यापलें. ज्यू प्राध्यापकांस काढून टाकल्याचा निषेध २६ नोव्हेंबर रोजीं विधिशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्हेरिंगा यांनीं जाहीरपणें केला, आणि लायडेन विद्यापीठ बंद करण्यांत आलें. ऑगस्ट १९४२ मध्यें एकोणसत्तर वर्षांच्या हॉइझिंगा यांस ओलीस म्हणून स्थानबद्ध केलें गेलें. प्रकृतीमुळें ऑक्टोबरांत सुटका झाली. पण लायडेनला परतण्यास मनाई होती. अखेरचे दिवस त्यांनीं दे स्टेख या खेड्यांत त्याच क्लेव्हेरिंगा यांच्या घरीं काढले. ग्रंथालय जवळ नव्हतें. तरीही संस्कृतीच्या पुनरुत्थानावरील शेवटचें पुस्तक त्यांनीं तेथें स्मृतीच्या बळावर लिहिलें. १ फेब्रुवारी १९४५ रोजीं ते निवर्तले. देश मुक्त होण्यास तीन महिने उरले होते.

लायडेन येथें त्यांच्या नांवें १९७२ पासून वार्षिक व्याख्यान होत आलें आहे. विदूषकाच्या थट्टेपासून ज्यानें अभ्यास आरंभिला, त्या शांत स्वभावाच्या पंडितास आयुष्याच्या संध्याकाळीं हुकूमशाहीपुढें उभें राहावें लागलें. त्यास शस्त्र ठाऊक नव्हतें. पण डावाचा नियम कोणता आणि तो कोणीं मोडला, हें त्यानें स्पष्ट शब्दांत सांगितलें, व त्याबद्दल जें सोसावें लागलें तें सोसलें.