बर्फ नको

गेलो होतो माझी साखर तपासायला. राजारामपुरीतल्या त्या लॅबमध्ये थर्माकोलच्या एका डब्यावर लाल मार्करनं लिहिलं होतं, 'बर्फ नको'. बाकीचे डबे बर्फ भरून तयार होते. हा एकटाच का कोरडा?

"पेशी जित्या पोचाय पायजेत," रक्त काढणाऱ्या मावशी म्हणाल्या. "गारठ्यानं बिघडल्या तर मोजणार काय?"

जांभळ्या टोपणाची नळी. रक्त बाकावर बसलेल्या मुलीचं, आजार मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस). यात प्रतिकारशक्तीच्याच पेशी मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात. शार्को यांनी 1868 साली वर्णन केलेल्या या आजाराचा दोष बराच काळ टी-पेशींच्या माथी होता. 2008 मध्ये 104 रुग्णांवरची रिटुक्सिमॅबची चाचणी प्रसिद्ध झाली. लिम्फोमावरचं हे औषध मुख्यतः बी-पेशी मारतं. तरी मेंदूत नवे डाग उमटणं खूपच कमी झालं. चिथावणारे वेगळेच निघाले!

खास एमएसच्या नव्या औषधांपेक्षा हे पुष्कळ स्वस्त, म्हणून इकडं बहुतेकांना हेच परवडतं. डोस सहा महिन्यांनी. त्याआधी बी-पेशींची ही मोजणी.

मोठ्या शहरातल्या यंत्रात पेशी लेझरपुढून एकेक करून जातात, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग सरकते तशा. फक्त इथं व्हीआयपी पास चालत नाही. औषध सीडी-20 या खुणेवर चिकटतं, म्हणून बी-पेशी ओळखायच्या सीडी-19 या दुसऱ्या खुणेवरून. निरोगी माणसात शंभर लिम्फोसाइटमागं त्या साधारण 5 ते 15 असतात. हिला हवं शून्य.

"गेल्या बारीला शून्य आलं, तर मी पेढं आणलो," मुलगी सांगत होती. "आई म्हणाली, शून्य पडलं म्हणून पेढं कोण वाटतंय?"

मी हसलो खरा. पण शून्याची किंमतही तीच मोजते. साधा ताप आला तरी धास्ती, लस घेतली तर ती लागू पडेलच असं नाही. आणि शून्य म्हणजे बरं झालं, असंही कुणी लिहून देत नाही.

एप्रिलचं ऊन. बसस्टॉपपासून चालत आल्यामुळं तिची नजर धूसर झाली होती. अंग तापलं की या आजारात तसं होतं, गार झालं की निवळतं. कुरिअरचा पोरगा आला आणि सवयीनं त्याही डब्यात बर्फाची पिशवी ठेवू लागला.

"वाचता येतंय न्हवं?" मावशींनी पिशवी हिसकावली आणि मुलीच्या हातात दिली. तिनं ती मानेला लावली, डोळे मिटले.