निःशब्द नायक आणि मराठी क्रियापद : कल्पनारम्य भूमिकाखेळांतील ‘मी’चा प्रश्न

जबलपूर शहरातील बडा फुहारा या गजबजलेल्या बाजारपेठेच्या परिसरात कमानिया गेट उभे आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात जबलपूरजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्मारक होय. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आजारी होते. मिरवणुकीत ५२ हत्तींच्या रथावर त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर विराजमान झाली आणि त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र बोस यांनी वाचून दाखविले. नायक केंद्रस्थानी असतो, पण त्याचे मुख बंद असते. वाणी दुसऱ्याची असते, तरी समुदाय ती त्याचीच मानतो. राजकीय इतिहासात हा प्रसंग आजारपणातून, म्हणजे नाइलाजाने घडला. अशी रचना हेतुपुरस्सर स्वीकारणारा एक अर्वाचीन कथनप्रकार मात्र आहे, आणि मराठी तौलनिक अभ्यासाने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तो म्हणजे कल्पनारम्य भूमिकाखेळ, अर्थात ज्यात खेळणारी व्यक्ती एखाद्या पात्राची भूमिका घेऊन अद्भुत प्रदेशात प्रवास करते असा व्हिडिओ गेम.

या प्रकारात आरंभापासून दोन परंपरा दिसतात. १९८६ साली जपानमध्ये प्रकाशित झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा नायक बोलत नाही. त्याचे नाव खेळाडूने ठेवावयाचे. इतर पात्रे त्याच्याशी बोलतात, तो फार तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देतो. हे मौन तंत्राच्या दारिद्र्यातून आले, असे प्रथमदर्शनी वाटते. तो संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटांत बसविलेला होता. त्यात मानवी आवाजाला जागा कोठून असणार? परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. २०१७ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये राजकन्येला ध्वनिमुद्रित आवाज लाभला, नायक लिंक मात्र निःशब्दच राहिला. जागा उपलब्ध झाल्यावरही मौन टिकले, त्याअर्थी ते वाङ्मयीन निवड म्हणूनच तपासावयास हवे.

येथे परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘मूकनायक’ हा शब्द सहज सुचतो. तथापि मराठीत तो १९२० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्राचे नाव आहे आणि तेथे त्याचा विग्रह ‘मूकांचा नायक’ असा होतो. तो नायक इतरांच्या वतीने बोलतो. आपल्या विवेचनातील नायकाच्या वतीने इतर बोलतात. दोन्ही अर्थ एका शब्दात कोंबणे अनुचित होईल, म्हणून प्रस्तुत लेखात ‘निःशब्द नायक’ आणि ‘सवाक नायक’ अशा संज्ञा योजिल्या आहेत. दुसरी संज्ञा बोलपटाच्या आरंभकाळातून उसनी घेतली आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

सवाक नायकाचे उत्तम उदाहरण म्हणजे आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेला ‘द विचर’ मालिकेतील गेराल्ट. तो आधीच घडलेला आहे. त्याचा घोगरा स्वर, त्याचा कडवट विनोद हे सर्व खेळाडूच्या आगमनापूर्वीचे आहे. याउलट ‘ड्रॅगन एज’ या एकाच मालिकेत दोन्ही पद्धती आढळतात. २००९ च्या पहिल्या खेळात नायकाचे संवाद पडद्यावर पूर्ण वाक्यांत लिहिलेले असत आणि खेळाडू त्यांतून एक निवडी; ते वाक्य उच्चारले जात नसे. २०११ च्या दुसऱ्या खेळात हॉक या नायकाला, अथवा नायिकेला, अभिनेत्यांचा आवाज मिळाला. पडद्यावर आता केवळ दोन-तीन शब्दांची सूचना येई आणि निवड केल्यावर पात्र त्याहून लांब, पुष्कळदा अनपेक्षित वाक्य बोले. खेळाडूने सौम्य नकार अभिप्रेत धरावा आणि पात्राने टोमणा मारावा, असे प्रसंग त्यातून उद्भवले. आपण ज्याला ‘मी’ समजत होतो तो ‘तो’ निघाला, हा त्या क्षणीचा अनुभव. निवेदनशास्त्रात निवेदक आणि पात्र यांच्यातील अंतराची चर्चा विपुल आहे. पण वाचक स्वतःच आपल्या पात्रापासून असा दुरावल्याचे उदाहरण मुद्रित कादंबरीत क्वचितच सापडेल.

निःशब्द नायकाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो, तो वोल्फगांग ईझर यांनी वाचनप्रक्रियेच्या संदर्भात मांडलेल्या रिक्त जागांच्या संकल्पनेशी जुळणारा आहे. संहितेने जे मोकळे सोडले ते वाचक आपल्या कल्पनेने भरतो. नायकाचे मौन ही अशीच मोकळी जागा, असे म्हटले जाते. हे मत मला अर्धेच मान्य आहे. रिक्त जागा ही कथनाची असते तशीच ती भाषेचीही असते, आणि सर्व भाषांत ती सारखी रिक्त नसते. इंग्रजीत उत्तमपुरुषी सर्वनाम आणि क्रियापद या दोहोंनाही लिंगभेद नाही; म्हणून तेथे लिहिलेले पण न उच्चारलेले वाक्य कोणत्याही खेळाडूस आपलेसे करता येते. जपानीत ‘मी’साठीच अनेक शब्द असून प्रत्येकाला वक्त्याचे वय, लिंग आणि पायरी चिकटलेली असते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधील केवळ ‘होय-नाही’ या पार्श्वभूमीवर पाहिले असता बरेच सुज्ञ वाटते.

मराठीत प्रश्न सर्वनामाचा नसून क्रियापदाचा आहे. पडद्यावर ‘मी तुमच्याबरोबर येतो’ असे उमटले की नायक पुरुष ठरला. ‘येते’ म्हटले की स्त्री. आवाज न देताही व्याकरणाने आवाज दिला. ‘मी थकलो’, ‘मी एकटी आहे’, ‘मी गेलो असतो’ या सर्व ठिकाणी हीच अडचण येते. परंतु मराठीचे सर्व दरवाजे बंद नाहीत. ‘मी येईन’, ‘मी त्याला वाचवीन’ हा भविष्यकाळ लिंगनिरपेक्ष आहे. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे वळते : ‘मी दार उघडले’, ‘मी तलवार उचलली’ यांवरून कर्ता कोण हे कळत नाही. (‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘बोलणे’ यांसारखे अपवाद मात्र लेखकाला दगा देतात.) ‘मला जायचे आहे’, ‘मला ठाऊक आहे’ या चतुर्थीच्या रचनाही निर्धोक आहेत. तात्पर्य, मराठी निःशब्द नायक लिहिता येईल. पण तो संकल्प करील, केलेले कर्म सांगेल, इच्छा व्यक्त करील, आणि ‘मी आता काय करतो आहे’ अथवा ‘मी कोठून आलो’ हे मात्र त्याला सांगता येणार नाही. एक विशिष्ट स्वभावाचा नायक व्याकरणातून घडतो, ही गोष्ट किरकोळ नव्हे.

हिंदीशी तुलना केली तर फरक अधिक ठसठशीत होतो. ‘जाऊँगा-जाऊँगी’ यांतील ‘गा’ मुळात ‘गत’ या कृदन्तापासून आल्याने हिंदी भविष्यकाळही लिंग सांगतो. जबलपूरच्या मराठी घरात ‘मी बाजारातून येईन’ म्हणणारा मुलगा वा मुलगी बडा फुहाऱ्यावरच्या दुकानदाराशी ‘आऊँगा’ किंवा ‘आऊँगी’ म्हणते, तेव्हा भाषेबरोबर तिच्या वाक्यातून एक रिक्त जागाही गेलेली असते. हा अनुभव त्या कुटुंबांना नित्याचा आहे, आणि म्हणूनच बहुधा अदृश्य आहे.

मध्यमपुरुषाचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये खेळाडूने निर्मिलेले पात्र संभाषणात आपली वाक्ये उच्चारत नाही, त्याला काय दिसते, काय जाणवते, हे एक निवेदिका मध्यमपुरुषात सांगते. मिशेल ब्युतोर यांच्या १९५७ च्या ‘ला मोदिफिकास्याँ’ या कादंबरीतील आदरार्थी ‘तुम्ही’ तुलनेसाठी आठवावा. मराठी अनुवादकाने ‘तू’ घेतला तर ‘आलास-आलीस’ अटळ. ‘तुम्ही आलात’ म्हटले तर लिंग झाकले जाते, पण निवेदिका आणि नायक यांच्यात औपचारिक अंतर पडते. अंतरात्म्याचा स्वर आपल्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलेल काय? लिंग लपवावे की जवळीक राखावी, यांपैकी एकच साधते.

या संदर्भात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रकाशित केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ उद्बोधक आहे. काटेकोर अर्थाने तो भूमिकाखेळ नव्हे, साहसखेळ आहे. त्यात संवादाची निवड नाही. भाऊ गोलू याला असुरांनी पळविल्यावर त्याच्या शोधात निघालेली राजी ही सवाक नायिका आहे, पण कथनाचा मोठा भार तिच्यावर नाही. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहतात, तिच्याविषयी आपसांत बोलतात, आणि खेळाडू ते ऐकतो. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखविले आहेत. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादही आले. मौन आणि वाणी यांच्यातील हा तिसरा मार्ग पाश्चात्त्य खेळांच्या चर्चेत सहसा येत नाही. नायिका बोलते, परंतु तिचा अर्थ सांगणारे दुसरेच असतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. कथनकार एकेक चित्र समोर धरतो. चित्रातील राम, सीता, रावण यांची मुखे हलत नाहीत, सर्वांची वाणी त्या एका कंठातून निघते. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तिची वार्ता शहरी वाचकांपर्यंत पोहोचली. व्हिडिओ गेम या परंपरेतून उगवले, असा दावा मी करीत नाही. तो हास्यास्पद ठरेल. पण निःशब्द नायकासंबंधी जो प्रश्न अनुवादकाला व्याकरणात अडवितो, तो येथे अन्य रीतीने सुटलेला दिसतो. सीतेचे चित्र हाती धरून पुरुष कथनकार ‘मी येते’ म्हणतो. क्रियापद चित्राचे असते, आवाज त्याचा असतो, आणि समोर बसलेल्या मुलालाही यात काही विसंगत वाटत नाही.