न विभागणाऱ्या पेशींचं म्हातारपण

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काही रुग्णांना डॉक्टर डोळ्यातल्या पेशी मोजून घ्यायला सांगतात. कुठल्या पेशी, आणि त्या मोजायच्या कशाला?

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या बाजूला षटकोनी पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. कॉर्नियात झिरपणारं पाणी सतत उपसून त्याला पारदर्शक ठेवायचं, हे त्याचं काम. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ३००० पेशी असतात. पुढे त्या दरवर्षी अंदाजे ०.६ टक्क्यांनी घटतात. गेलेलीच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पेशीच पसरून जागा भरून काढतात. संख्या ५००च्या खाली घसरली की उपसा अपुरा पडतो, कॉर्निया सुजतो, दृष्टी धुरकटते. ऑपरेशनमध्येही काही पेशी खर्ची पडतात, म्हणून ही आधीची मोजदाद.

पण या पेशी नव्या का बनत नाहीत? पेशींच्या म्हातारपणाचा विषय जीवशास्त्रज्ञ लेनर्ड हेफ्लिक यांच्यावाचून पुरा होत नाही. माणसाच्या पेशी काचपात्रात सुमारे ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात, हे त्यांनी आणि पॉल मूरहेड यांनी १९६१मध्ये फिलाडेल्फियात दाखवलं. त्या का थांबतात, हे मात्र मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनवर सुचलं! हेफ्लिक यांच्या शोधावरचं व्याख्यान ऐकून जीवशास्त्रज्ञ अलेक्सेई ओलोव्निकोव्ह फलाटावर उभे होते. गाडी आली. रूळ म्हणजे डीएनए आणि गाडी म्हणजे त्याची नक्कल करणारं एंझाइम असं धरलं, तर गाडीचं तोंड आणि पहिलं दार यांच्यातल्या अंतराएवढा टोकाचा रूळ नकलेवाचून राहणार. म्हणजे दर विभाजनाला डीएनएचं टोक झिजणार. १९७१मध्ये त्यांनी हे रशियन भाषेत छापलं. या टोकांवरच्या, म्हणजे टेलोमिअरवरच्या, संशोधनाला २००९चं नोबेल मिळालं, तिघांना. ओलोव्निकोव्ह त्यात नव्हते.

गंमत म्हणजे एंडोथेलियमचं थांबणं या सिद्धांतात बसत नाही. वृद्धांच्याही या पेशींतली टेलोमिअर लांबच आढळतात. विभाजनच नाही, तर झीज कुठून होणार? बोस्टनच्या नॅन्सी जॉइस यांच्या संशोधनातून दिसलं, की या पेशींची विभागण्याची क्षमता शाबूत असते, ती दाबून ठेवलेली असते. शेजारणींचा स्पर्श, डोळ्यातल्या द्रवातलं टीजीएफ-बीटा, पी-१६ आणि पी-२१ ही प्रथिनं, सगळी मिळून पेशीला अडवतात. त्यात वयाबरोबर ऑक्सिडेशनने झालेली डीएनएची इजा साचत जाते. टेलोमिअर लांबवण्याच्या गोळ्या विकणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

अडवलेली पेशी सोडवता येते. क्योटोच्या शिगेरू किनोशिता आणि सहकाऱ्यांनी दात्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, रॉक-इनहिबिटर या औषधासह रुग्णांच्या डोळ्यात टोचल्या आणि त्या कॉर्नियावर बसाव्यात म्हणून रुग्णांना ३ तास पालथं झोपवलं. २०१८मध्ये ११ जणांवरचे निष्कर्ष आले: २४ आठवड्यांनी सर्वांची पेशीसंख्या ५००च्या वर. २०२३मध्ये जपानने या उपचाराला मंजुरी दिली.

यासाठी पेशी लागतात त्या तरुण दात्यांच्या. उतारवयातल्या दात्याच्या पेशी काचपात्रात मोकळ्या सोडल्या, तरी मंद वाढतात आणि लवकर बेढब होतात, टेलोमिअर लांब असूनही.