ताटातला भात आणि अंगावरचे वजन

गोमंतकीय घरात दुपारच्या ताटाचा मोठा भाग भाताने व्यापलेला असतो. त्यावर हुमण आणि कडेला मासळीचा तुकडा. सकाळी पोदेराकडचा पाव, रात्री पुन्हा भात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. याचा सारा दोष भातावर टाकता येणार नाही. तरीही कर्बोदके कमी करण्याची चर्चा येथे केवळ कंबरेच्या घेरापुरती उरत नाही.

कल्पना जुनीच आहे. लंडनमधील विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थाने वैद्यकीय सल्ल्यावरून पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडली आणि वर्षभरात सुमारे २० किलो वजन घटवले. १८६३ मध्ये त्याने स्वतःच छापलेली पुस्तिका त्या काळी विलक्षण गाजली.

असा आहार सुरू करणाऱ्यांचे वजन पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलोंनी उतरू शकते. हा आनंद मात्र जपून मानावा. यकृत आणि स्नायू कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा घटला की ते पाणी निघून जाते. चरबी त्यानंतर, सावकाश घटते. तीही एकूण उष्मांक कमी झाले तरच. या आहाराचा खरा लाभ येथे आहे: मासे, अंडी, पनीर यांतील प्रथिनांनी पोट अधिक काळ भरलेले राहते आणि अधूनमधून खाणे आपोआप सुटते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलोंनी, तर कमी स्निग्धांश घेणाऱ्यांचे ५.३ किलोंनी घटले. हा फरक नगण्य ठरला. साखर व मैदा टाळून भाज्या भरपूर खाण्याचा सल्ला मात्र दोन्ही गटांना होता. पथ्याच्या नावापेक्षा हा सल्लाच अधिक उपयोगी पडला असावा.

गोव्याच्या ताटात हा बदल फारसा जड नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. बांगड्यात किंवा तारल्यात ती जवळजवळ नसतातच. तीनशे ग्रॅम भात निम्म्यावर आणला तर एका जेवणात दोनशेच्या आसपास उष्मांक वाचतात. रिकाम्या जागी तांबडी भाजी, भेंडी किंवा दुधी यावा, मासळीचा एक तुकडा वाढावा. उकडा तांदूळ रक्तातील साखर तुलनेने हळू चढवतो, पण म्हणून तो पोटभर खाल्ला तर हिशेब तोच. नारळाचेही भान हवे: स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये नऊ उष्मांक असतात, कर्बोदकांच्या ग्रॅममध्ये चार. भात कमी करून हुमणाच्या दोन वाट्या अधिक घेतल्या, तर बचत वाटीतच बुडते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना भात एकाएकी तोडू नये. औषधाची मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी, आणि गर्भवतींनी कोणतेही पथ्य आरंभण्यापूर्वी, हाच सल्ला घ्यावा.