एकोणचाळीस आकडी मूळसंख्या

मी मराठीचा प्राध्यापक; माझी आकडेमोड वाण्याच्या हिशेबापुरती. तरीही एका संख्येपुढे मी मनोभावे हात जोडतो. १२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा, त्यातून १ वजा करा. ३९ आकडी संख्या हाती येते. १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणीही निःशेष भागू शकत नाही. हे १८७६ साली फ्रान्सच्या एद्वार ल्यूका यांनी हातच्या आकडेमोडीने सिद्ध केले. एकेक भाजक लावून पाहायला सात जन्म पुरले नसते! त्यांनी निराळीच रीत काढली : वर्ग करायचा, २ वजा करायचे, त्या संख्येने भागून बाकी पुढे न्यायची. हा विक्रम १९५१ पर्यंत टिकला. आणि वाचकहो, २०२४ साली सापडलेल्या ४,१०,२४,३२० आकडी मूळसंख्येची खातरजमा संगणकांनी केली, तीही याच रीतीच्या सुधारलेल्या रूपाने!